आधी प्रोपेलर, मग इंजिन

रेडिओवर चालणारं मॉडेल विमान बांधायला घेतलं की पहिला प्रश्न ताकदीचा पडतो. किती हॉर्सपॉवरचं इंजिन घ्यावं? खोक्यावर आकडा ठळक छापलेला असतो: दीड-पावणेदोन हॉर्सपॉवर, मिनिटाला १६,००० फेरे. आकडा खोटा नसतो. पण तो ज्या फेऱ्यांवर मोजला आहे तिथपर्यंत शिकाऊ विमानावरचं इंजिन कधी पोचतच नाही. त्याला ११ इंची प्रोपेलर लावला की ते ११-१२ हजारांवर स्थिरावतं, आणि तिथे मिळणारी ताकद छापील आकड्यापेक्षा बरीच कमी भरते. विमान पुढे जातं ते प्रोपेलरने मागे फेकलेल्या हवेमुळे. म्हणून निवडीला सुरुवात विमानापासून करावी. त्याचं वजन किती, ते कसं उडवायचं आहे, त्यासाठी कोणता प्रोपेलर लागेल, आणि तो प्रोपेलर हव्या त्या फेऱ्यांवर आरामात फिरवणारं इंजिन कोणतं, असा क्रम ठेवला तर चूक होण्याची शक्यता फार कमी उरते.

उदाहरणाला सगळ्यांत परिचयाचं विमान घेऊ: बाल्साच्या लाकडाचं, पंख वर असलेलं, ‘४०’च्या वर्गातलं ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान. मॉडेल इंजिनांची मापं अमेरिकेतून घनइंचांत आली आणि तशीच राहिली. ‘४०’ म्हणजे ०.४० घनइंच, साधारण ६.५ सीसी. ‘४६’ म्हणजे साडेसात सीसी, ‘६१’ म्हणजे १० सीसी आणि ‘२५’ म्हणजे चार सीसी. चाळीस-शेहेचाळीसच्या या ट्रेनरचा पंख टोकापासून टोकापर्यंत दीड मीटरहून थोडा जास्त, पंखाचं क्षेत्रफळ सुमारे ०.४५ चौरस मीटर आणि उड्डाणाच्या वेळचं वजन अडीच किलोच्या आसपास.

एवढ्या माहितीवरून बरंच काही काढता येतं. अडीच किलोचं हे विमान ताशी ३३ किलोमीटरच्या खाली गेलं की पंख हवा धरेनासा होतो, म्हणजे स्टॉल होतो. सरळ, सपाट उडताना त्याला पुढे ओढायला वजनाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकाच जोर पुरतो, चारशे ग्रॅमच्या जवळपास. उरलेला जोर लागतो धावपट्टी सोडायला, चढायला आणि उतरताना अंदाज चुकला तर पुन्हा वर उचलायला. शिकणाऱ्यासाठी हा राखीव जोर फार महत्त्वाचा आहे. तो अजिबात नसलेलं विमान सुरक्षित वाटतं, पण झाडं समोर आली की तेच दगा देतं. ट्रेनरला वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त ओढा पुरे. उलट, प्रोपेलरवर टांगून हवेत उभं राहणाऱ्या थ्रीडी कसरतींच्या विमानाला वजनापेक्षा जास्त ओढा लागतो.

आता प्रोपेलर. त्यावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ११×६. पहिला आकडा व्यासाचा, इंचांत. दुसरा पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर न घसरता किती इंच पुढे सरकेल त्याचा. पिच हा मोटरसायकलच्या गिअरसारखा आहे: कमी पिच म्हणजे खालचा गिअर, जास्त पिच म्हणजे वरचा. मिनिटाला ११,००० फेऱ्यांवर ११×६ प्रोपेलरचा पिचचा वेग येतो ताशी सुमारे १०० किलोमीटर. आपल्या ट्रेनरचा स्टॉलचा वेग ३३, म्हणजे साधारण तिप्पट. हे प्रमाण अडीच ते तीन पट असलं की विमान शांतपणे आणि भरवशाने उडतं. ११×५ लावला तर फेरे थोडे वाढतात, पण वेग नव्वदीच्या आत राहतो, धावपट्टी लवकर सुटते आणि उतरताना थ्रॉटल खाली घेतलं की प्रोपेलर ब्रेकसारखा काम करतो. लहान मैदान असेल तर मी ११×५च लावायला सांगेन.

व्यासाचा हिशोब मात्र कडक आहे. एकाच फेऱ्यांवर प्रोपेलर फिरवायला लागणारी ताकद व्यासाच्या चौथ्या घातात वाढते, पिचच्या साधारण सम प्रमाणात आणि फेऱ्यांच्या तिसऱ्या घातात. १० इंचांवरून ११ इंचांवर गेलं की फक्त एक इंच वाढल्यासारखं दिसतं, पण भार ४६ टक्क्यांनी वाढतो. म्हणून व्यास वाढवताना पिच कमी करायचा असतो. ‘४०’ला १०×६, ‘४६’ला ११×५ किंवा ११×६, ‘२५’ला ९×५ किंवा ९×६, ‘६१’ला १२×६ किंवा ११×७ ही जुनी, पारखलेली जोडपी आहेत. तिथून एक पाऊल इकडे-तिकडे जाऊन पाहावं, तीन पावलं नको.

इंजिनाकडे वळताना ग्लो इंजिन आतून कसं चालतं ते समजलं पाहिजे, कारण निवडीची अर्धी कारणं तिथे आहेत. १९४७ मध्ये अमेरिकेत रे आर्डन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. त्याआधी मॉडेल इंजिनाला ठिणगीचा प्लग, कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी असा सगळा संसार विमानात वाहून न्यावा लागे. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार असते. सुरू करताना दीड व्होल्टच्या बॅटरीने ती लाल करायची, इंजिन धडधडलं की बॅटरी काढून घ्यायची. त्यानंतर तार तापलेली राहते ती दोन कारणांनी. एक, आधीच्या स्फोटाची उष्णता. दुसरं, मेथॅनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथेच रासायनिक क्रिया होऊन उष्णता निघते. पेट्रोल टाकून हे इंजिन चालत नाही ते यामुळेच.

याचा एक परिणाम नवशिक्याच्या लक्षात येत नाही. ग्लो इंजिनात ठिणगीची वेळ ठरवणारं काहीच नसतं. पेट केव्हा घेतला जाईल हे दाब, प्लगची उष्णता, इंधनातलं नायट्रोमिथेन आणि प्रोपेलरचा भार मिळून ठरवतात. भार जास्त झाला की पेट लवकर घेतला जातो, इंजिन कडकडतं, तापतं, प्लग जळतात. फार मोठा प्रोपेलर लावून वर ‘इंजिन कमजोर निघालं’ म्हणणाऱ्याचं इंजिन बहुतेक वेळा निर्दोष असतं.

इंधनात मेथॅनॉल, १५ ते २० टक्के तेल आणि साधारण ५ ते १५ टक्के नायट्रोमिथेन असतं. नायट्रो स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, त्यामुळे त्याच हवेत जास्त इंधन जळतं आणि इंजिन मंद गतीला सुरेख चालत राहतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या काही प्रकारांत मात्र फक्त मेथॅनॉल आणि तेल, ८० आणि २० टक्के, एवढ्यावरच इंजिनं चालवतात. आपल्याकडे मेथॅनॉल विषारी म्हणून त्याच्या विक्रीवर निर्बंध आहेत आणि नायट्रो मिळणं त्याहून अवघड. म्हणून इंजिन घेण्याआधी आपल्या गावात इंधन कोण देतं, किती नायट्रोचं देतं, हे विचारून घ्यावं. इंजिन कोणतंही आणता येतं, पण दर महिन्याला इंधन आणणं ही वेगळी गोष्ट आहे. तेलाची बाजू आपल्याला सोपी आहे. एरंडेलाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, आणि कितीही तापलं तरी पृष्ठभाग न सोडणारं एरंडेल आजही मॉडेल इंजिनाचा जीव वाचवतं. कृत्रिम तेलात चार-पाच टक्के एरंडेल असावं हे मत मी ठामपणे मांडतो, विशेषतः उन्हाळ्यात. त्याने मफलरवर तपकिरी थर चढतो, तो चढू द्यावा.

टू-स्ट्रोक इंजिनांत पुन्हा दोन घराणी आहेत. पहिल्यात पिस्टनला रिंग असते. दुसऱ्याला एबीसी म्हणतात: ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळी लायनर, त्यावर क्रोमचा मुलामा. क्रोमऐवजी निकेल असेल तर एबीएन. यात रिंग नसते. लायनर वरच्या टोकाला किंचित निमुळतं केलेलं असतं, त्यामुळे थंड इंजिन हाताने फिरवलं की पिस्टन वर जाताना घट्ट अडतो आणि नवा माणूस घाबरतो. इंजिन तापलं की लायनरचा वरचा भाग फुलतो आणि नेमकी हवी तेवढी फट मिळते.

इंजिन रुळवण्याची पद्धत यावरून ठरते, आणि इथे जुन्या पुस्तकांतला सल्ला दिशाभूल करतो. रिंगच्या इंजिनाला भरपूर इंधन देऊन, गार ठेवून, अडखळत अडखळत पहिली टाकी-दोन टाक्या संपवायच्या. एबीसी इंजिनाला तेच केलं तर ते कधी पुरेसं तापतच नाही, पिस्टन दर फेऱ्याला त्या निमुळत्या भागात ओरखडत राहतो आणि नवं इंजिन पहिल्याच दिवशी झिजतं. त्याला छोटासा प्रोपेलर लावून, किंचित जास्त इंधनावर पण बऱ्यापैकी वेगात, थोड्या थोड्या वेळासाठी चालवायचं. मध्ये पूर्ण गार होऊ द्यायचं. अशी गरम-गार आवर्तनं झाली की इंजिन बसतं.

बेअरिंगचाही फरक असतो. साध्या ब्रॉन्झ बुशवर फिरणारं ‘४०’ स्वस्त असतं, मेथॅनॉलच्या ओलाव्याने गंजायला त्यात बॉल बेअरिंग नसतं, आणि अडीच किलोच्या ट्रेनरला ते पुरतं. बॉल बेअरिंगचं ‘४६’ त्याहून बरंच जोरकस असतं आणि ट्रेनरनंतरच्या कसरतीच्या विमानातही जातं. ओसाकात १९३६ मध्ये सुरू झालेल्या ओएस कंपनीचं ‘४६ एएक्स’ या वर्गातलं मापदंड म्हणावं असं इंजिन आहे. मफलरसह त्याचं वजन अर्ध्या किलोच्या जवळ जातं. शिकायच्या विमानात ‘४६’ घातलं तर पूर्ण थ्रॉटल वापरायची गरज फार क्वचित पडते, आणि अर्ध्या थ्रॉटलवर चालणारं इंजिन वर्षानुवर्षं टिकतं. परवडत असेल तर ‘४६’च घ्यावं.

फोर-स्ट्रोक इंजिन दर दुसऱ्या फेऱ्याला पेट घेतं, म्हणून तेवढ्याच सीसीत त्याची ताकद कमी. ढोबळ नियम असा की टू-स्ट्रोकच्या दीडपट मापाचं फोर-स्ट्रोक घ्यावं. ‘४०’च्या जागी ‘५६’ ते ‘६५’. पण त्याचं बळ कमी फेऱ्यांत असतं: ते १२×६ किंवा त्याहून मोठा प्रोपेलर नऊ-साडेनऊ हजारांवर शांतपणे फिरवतं. इंधन कमी खातं. आवाज खोल, खऱ्या विमानाच्या जवळचा. दुसऱ्या महायुद्धातल्या किंवा त्याआधीच्या बायप्लेनच्या प्रतिकृतीला, जिचं तोंड रुंद आणि वेग कमी, मोठा आणि मंद प्रोपेलरच शोभतो आणि पेलतो. किंमत जास्त, आणि व्हॉल्व्हची फट अधूनमधून तपासावी लागते. ही फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक असते. हे करायची आवड असेल तरच या वाटेला जावं. पहिल्या विमानाला नको.

पेट्रोल इंजिनं चेनसॉ आणि गवतकापणी यंत्रांतून या छंदात आली. आज १० सीसीचीही मिळतात, पण त्यांचा खरा पल्ला २० सीसीपासून सुरू होतो. मेथॅनॉलचा एक भाग जाळायला साडेसहा भाग हवा लागते, पेट्रोलच्या एका भागाला पावणेपंधरा. म्हणजे त्याच हवेत पेट्रोल निम्म्याहून कमी खर्ची पडतं, आणि ते कोपऱ्यावरच्या पंपावर मिळतं. तेल तीस किंवा चाळीस भागांना एक भाग, त्यामुळे विमान चिकट होत नाही. इतकं सगळं चांगलं असताना आपल्या ट्रेनरला ते का नको? वजनामुळे. इग्निशनचं खोकं, त्याची बॅटरी आणि मफलर धरून २० सीसीचं इंजिन आठशे ग्रॅमच्या घरात जातं. अडीच किलोच्या विमानाचं नाकच त्याने खाली जाईल. चार-पाच किलोच्या विमानाला मात्र ते योग्य. इग्निशन रिसीव्हरपासून लांब ठेवावं, ते तोडणारा स्वतंत्र स्विच असावा. इंधनाच्या नळ्या सिलिकॉनच्या वापरू नयेत, पेट्रोलने त्या फुगतात. मेथॅनॉलला सिलिकॉन, पेट्रोलला टायगॉन. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते कार्ब्युरेटरच्या पातळ पडद्याला कडक करतं. म्हणून उडवून झाल्यावर टाकी रिकामी करून इंजिन थांबेपर्यंत चालवावं.

आणि विजेची मोटर. तिचा हिशोब सगळ्यांत स्वच्छ आहे, कारण वॉट मीटर लावून ताकद थेट मोजता येते. ट्रेनरला दर किलोमागे १५० ते २०० वॉट, नेहमीच्या कसरतींना २२० ते २६०, थ्रीडीला ३३० च्या पुढे. अडीच किलोच्या आपल्या विमानाला ३७५ ते ५०० वॉट पाहिजेत, थोडी ताकद राखीव धरून ६०० समजू. चार सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा दाब १४.८ व्होल्ट, तेव्हा ६०० वॉटला ४० अँपिअर. स्पीड कंट्रोलर ६० अँपिअरचा घ्यावा, काठावरचा घेऊ नये. मोटरवरचा केव्हीचा आकडा म्हणजे भार नसताना एका व्होल्टला किती फेरे. ७०० केव्हीची मोटर १४.८ व्होल्टवर दहा हजारांच्या वर जाईल, प्रोपेलर लावल्यावर आठ हजारांच्या आसपास उतरेल. त्या फेऱ्यांना १२×६ किंवा १३×६ इलेक्ट्रिक प्रोपेलर बसतो. ४,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सलग पूर्ण थ्रॉटलवर सहा मिनिटांत संपेल. प्रत्यक्ष उड्डाणात थ्रॉटल बहुतेक वेळ अर्ध्यावर असतं, म्हणून तळाशी थोडा साठा राखूनही आठ-दहा मिनिटं मिळतात. इथे मात्र मोठा प्रोपेलर लावला की फेरे फारसे कमी होत नाहीत. मोटर बॅटरीतून जास्त प्रवाह ओढते आणि स्वतः जळते. ग्लो इंजिन कडकडून तक्रार करतं, मोटर मात्र तक्रार न करता मरते. प्रोपेलर बदलला की वॉट मीटर लावलाच पाहिजे.

मला ग्लो इंजिनाचा धूर आणि आवाज मनापासून आवडतो. तरीही मैदानावर इंजिन जाणणारा अनुभवी माणूस जवळ नसेल, तर पहिल्या विमानाला विजेची मोटरच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. शिकणाऱ्याने उडायला शिकावं. इंधन कमी-जास्त करणारी कार्ब्युरेटरची सुई फिरवत मैदानाच्या कडेला अर्धा दिवस घालवू नये. नागपूर-चंद्रपूरकडे मेमध्ये बॅटऱ्या बंद गाडीत ठेवू नयेत, एवढी काळजी घ्यावी. लिथियमची बॅटरी फुगली की ती वापरातून बाद.

उन्हाचा विषय निघाला म्हणून हवेबद्दल. इंजिनांचे आकडे ज्या हवेत मोजलेले असतात ती आपल्याकडे क्वचित मिळते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. तिथे उन्हाळ्याच्या दुपारी हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा १२-१३ टक्क्यांनी कमी भरते. इंजिनाला तेवढी हवा कमी मिळते, म्हणून ताकद तेवढीच उतरते. पंखालाही तीच पातळ हवा मिळते, त्यामुळे स्टॉलचा वेगही थोडा वाढतो. म्हणजे मुंबईत ‘४०’वर छान उडणारं विमान पुण्यात दुपारी आळशी वाटतं, सकाळी सातला पुन्हा बरं वाटतं. घाटावर राहणाऱ्यांनी एक माप वरचं घ्यावं, हे यासाठी. कोकणातून इंजिन वर आणलं तर सुई थोडी बंद करावी लागते, कारण कमी हवेला इंधनही कमी पुरतं. खाली नेताना उलट. हे विसरून खाली गेलं तर इंजिन कोरडं पडून तापतं. किनाऱ्यावर आणखी एक त्रास: मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कॅन अर्धवट रिकामा, झाकण सैल, असा पावसाळ्यात ठेवला तर ऑक्टोबरमध्ये इंजिन सुरू होत नाही आणि दोष प्लगला दिला जातो.

माप ठरलं की बसवण्याच्या दोन बाबी अगोदरच तपासाव्यात, कारण त्यांनी कधी कधी निवडच बदलते. पहिली, तोल. बहुतेक ट्रेनरचा गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढून २५ ते ३० टक्क्यांवर असतो. इंजिन जड झालं की शेपटीत शिसं भरावं लागतं आणि विमानाचं वजन दोन्हीकडून वाढतं. इंजिन हलकं घेऊन नाकात बॅटरी सरकवून तोल साधता आला तर उत्तम. दुसरी, टाकी. तिची मध्यरेषा कार्ब्युरेटरच्या सुईच्या पातळीत किंवा तिच्याहून सेंटिमीटरभर खाली हवी. उलटं बसवलेलं इंजिन दिसायला सुंदर, पण सुई खाली जाते, टाकी वर राहते आणि इंजिनात इंधन भरून ते बंद पडतं. इंजिन ज्या फळीवर बसतं त्या फायरवॉलमागे टाकी खाली घ्यायला जागा नसेल तर इंजिन सरळ किंवा आडवं बसवावं. सोबत इंजिनाचा रोख दोन-तीन अंश उजवीकडे आणि तितकाच खाली ठेवलेला असतो. आराखड्यात तो दिलेला असतो, तो सरळ करू नये.

वापरलेलं इंजिन घ्यायचं असेल तर हातात घेऊन पाहता येईल तेवढ्यावर बरंच कळतं. प्लग लावलेला असू द्या, प्रोपेलर हळू फिरवा. एबीसी इंजिन वर जाताना अडलं पाहिजे. सहज सटकत असेल तर लायनर झिजलं आहे आणि ते बदलण्याचा खर्च नव्या इंजिनाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. रिंगचं इंजिन दाब धरतं का ते बघा: पिस्टन वर नेऊन क्षणभर थांबलं की त्याने मागे ढकललं पाहिजे. प्लग काढून शाफ्ट फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग गंजलं आहे. बेअरिंग मात्र स्वस्त आणि बदलता येण्यासारखं, तेवढ्यासाठी चांगलं इंजिन सोडू नये. मागचं झाकण उघडू दिलं तर क्रँकवर तांबूस गंज आहे का बघा. उडवून झाल्यावर इंजिन इंधनासकट तसंच ठेवणाऱ्यांची इंजिनं तिथे ओळखू येतात. जुनं एरंडेल घट्ट होऊन इंजिन जाम झालेलं असेल तर घाबरायचं कारण नाही. हेअर ड्रायरने चांगलं तापवा, थोडं पातळ तेल सोडा, जोर न लावता फिरवत राहा. असं सुटलेलं एरंडेलातलं जुनं इंजिन बहुधा आतून स्वच्छ निघतं, आणि योग्य प्रोपेलर मिळाला तर ते तुमच्या ट्रेनरला आणखी बरीच वर्षं पुरतं.